पहिली गोळी: पेंटबॉलमधल्या स्नायपरसाठी बंदूक निवडताना

पेंटबॉलमध्ये स्नायपरची बंदूक निवडायची म्हटलं की नजर आधी जाते लांबलचक बॅरलवर, मग वरच्या दुर्बिणीवर आणि शेवटी पुढच्या दोन पायांच्या स्टँडवर. या तिन्हींना तूर्त हात लावायचा नाही. आधी एक गोळी तळहातावर घ्यायची. व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७.३ मिलिमीटर. वजन तीन ग्रॅमच्या आसपास. जिलेटिनचं पातळ कवच, आत रंग आणि कवचावर दोन अर्धे भाग जोडल्याची बारीक शिवण. एवढ्या हलक्या, गोल वस्तूला हवा लगेच अडवते. वेग वाढवून हवेवर मात करावी म्हटलं तर तीही सोय नाही, कारण बहुतेक मैदानांवर वेगाची मर्यादा सेकंदाला २८० ते ३०० फूट असते आणि ती सगळ्यांना सारखीच लागू होते. भाड्याने मिळणारी झिजलेली बंदूक असो की हौसेने सजवलेली ‘स्नायपर रायफल’, गोळी दोन्हींतून एकाच वेगाने सुटते. त्यामुळे ‘या बंदुकीचा पल्ला किती?’ हा प्रश्न इथे विचारण्यातच अर्थ नाही.

हवेचा अडथळा धरून हिशोब मांडला की चित्र स्वच्छ दिसतं. २८० फुटांनी, म्हणजे सेकंदाला ८५ मीटरने सुटलेली गोळी २० मीटरवर पोचायला ०.३ सेकंद घेते आणि तोवर तिचा वेग ५५ मीटरवर आलेला असतो. ३० मीटरला अर्धा सेकंद लागतो, ४० मीटरला पाऊण. ४० मीटरवर वेग उरतो ३६ मीटर, म्हणजे सुटतानाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्साही नाही. बॅरल अगदी आडवी धरली तर गोळी २० मीटरवर साधारण ३७ सेंटिमीटर खाली आलेली असते, ३० मीटरवर जवळजवळ एक मीटर आणि ४० मीटरवर दोन मीटरहून थोडी जास्त. झाडाची पानं सळसळतील एवढा, सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा असला तर ३० मीटरवर ती ४० सेंटिमीटर सरकते, ४० मीटरवर ८०. आणि त्या पाऊण सेकंदात नुसता चालणारा माणूससुद्धा एक मीटर पुढे गेलेला असतो.

बॅरल वर करून गोळी ऐंशी मीटरवर टाकता येते, नाही असं नाही. पण ती अंगावर टप्प खाऊन खाली पडते, आणि फुटली नाही तर समोरचा बाद नाही. म्हणजे स्नायपरचं खरं क्षेत्र २० ते ३५ मीटर. एवढ्या अंतरावर तर मैदानातली कुठलीही बंदूक पोचते. मग फरक कुठे पडतो? बाकीचे खेळाडू गोळ्यांची माळ सोडून ती माणसापर्यंत ओढत नेतात. दबा धरून बसलेल्याला तसं करता येत नाही. दुसऱ्या गोळीच्या आवाजाने त्याची जागा कळते. त्याच्या बंदुकीला एकच काम चोख यायला हवं: वीस मिनिटं निपचित पडून राहिल्यावर सुटलेली पहिली गोळी जिथे जायची तिथेच गेली पाहिजे. आमची सगळी निवड या एका कसोटीभोवती फिरते. (जाता जाता एक आठवण: २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या जंगलात पेंटबॉलचा पहिला खेळ झाला, बारा जण होते, हातात झाडांवर खुणा करायच्या नेलस्पॉट बंदुका. जिंकला तो रिची व्हाइट, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. सगळे झेंडे गुपचूप गोळा केले. लपून राहणं या खेळात पहिल्या दिवसापासून नेमबाजीच्या वर आहे.)

कसोटी अशी घेतो. बंदुकीला हवेची टाकी लावून, ताजं पेंट, म्हणजे रंगाच्या गोळ्या, भरून क्रोनोग्राफसमोर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर) आधी दहा गोळ्या दोन-दोन सेकंदांच्या अंतराने मारायच्या आणि वेग लिहून घ्यायचे. मग बंदूक हवेच्या दाबासकट, आत गोळी भरलेल्या स्थितीत, बॅरलवर कव्हर चढवून दहा मिनिटं तशीच ठेवायची. दहा मिनिटांनी कव्हर काढून एकच गोळी मारायची, आकडा लिहायचा, पुन्हा दहा मिनिटं. असं निदान सहा वेळा. कंटाळवाणं काम आहे, पण बंदुकीचं पोट इथेच उघडं पडतं. सलग मारताना २७८, २८१, २८०, २७९ असे देखणे आकडे देणारी बंदूक दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर २५५ देते, आणि लगेच पुढच्या गोळीला परत २८०. दुकानात किंवा मित्राच्या हातातून घेऊन पाच-सहा गोळ्या मारून पाहणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही.

यामागचं कारण साधं आहे. बोल्टवरच्या, म्हणजे गोळीला मागून ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरच्या, रबरी ओ-रिंगा (कड्या) एका जागी दाबाखाली पडून राहिल्या की पृष्ठभागाला चिकटतात. पहिल्या झटक्याची काही शक्ती ती चिकटण सोडवण्यात जाते, बोल्ट हळू सरकतो आणि गोळीमागे हवा कमी मिळते. हे दुखणं स्पूल व्हॉल्व्हच्या बंदुकांत जास्त, कारण तिथे बोल्टच व्हॉल्व्हचं, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपेचं, काम करतो आणि त्यावर ओ-रिंगांची संख्याही जास्त. उपाय बहुतेक वेळा वंगणाचा असतो. कोरड्या ओ-रिंगांना उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस, तेही बोटाला चकाकी येईल इतपतच पातळ. स्पूलला ग्रीस, जुन्या धाटणीच्या ब्लोबॅक बंदुकांना (यात सुटलेल्या हवेच्या धक्क्यानेच यंत्रणा मागे जाते) तेलाचे दोन-तीन थेंब. यात अदलाबदल करू नये, आणि गंज सोडवायचा फवारा तर अजिबात मारू नये. त्यात वंगण नावालाच असतं आणि काही रबरं त्याने फुगतात. ग्रीस लावून कसोटी परत घ्यायची. घट पाच फुटांच्या आत आली तर बंदूक ठेवायची, वीसवरच अडून बसली तर ती दुसऱ्या कुणासाठी चांगली असेल, आपल्यासाठी नाही.

कधी उलट होतं आणि ते जास्त वाईट: विश्रांतीनंतरची पहिली गोळी ३०५ ने सुटते. हा रेग्युलेटरचा दोष. रेग्युलेटरने ठरलेल्या दाबाला हवा थांबवायची असते. त्याच्या सीटवर (हवा अडवणाऱ्या गादीवर) चरा पडला किंवा कचऱ्याचा कण बसला की हवा थेंबाथेंबाने आत झिरपत राहते आणि दाब हळूहळू चढतो. रेग्युलेटरवर दाबमापक असेल तर काटा बघत बसावं. टाकी उघडल्यावर तो ठरलेल्या आकड्यावर झटक्यात जाऊन थांबला पाहिजे. पाच मिनिटांत सावकाश वर सरकत असेल तर सीट बदलायला झाली. अशी बंदूक मैदानाची वेगमर्यादा मोडते, आणि जवळून लागलेली गोळी समोरच्याला चांगलीच झोंबते. सलग मारत राहिलं की हाही दोष लपतो, कारण दाब चढायला वेळच मिळत नाही. क्रोनोग्राफच्या रांगेत उभं राहून तीन गोळ्या मारून पास झालेली बंदूक झाडीत जाऊन नियम मोडू शकते, ते असं.

वेगातल्या चढउताराला एवढं महत्त्व का, तेही आकड्यांतच बघावं. २८० ऐवजी २७० ने सुटलेली गोळी ३० मीटरवर सात-आठ सेंटिमीटर खाली लागते, ४० मीटरवर पंधरा. हे एकवेळ चालून जाईल. पण २५५ ने सुटलेली ३० मीटरवर वीस सेंटिमीटरने खाली जाते. आडोशावरून फक्त मास्क आणि खांदा दिसत असेल तर ती समोरच्या ओंडक्यावर फुटते आणि आपण उगाच नेमाला दोष देत बसतो.

आता बंदुकांचे प्रकार. पंप, यांत्रिक सेमी-ऑटो (दर चापाला एक गोळी, पुढची आपोआप भरणाऱ्या), इलेक्ट्रॉनिक आणि मॅगझिनवाल्या, असा ढोबळ हिशोब धरू.

पंप बंदुकीत प्रत्येक गोळीसाठी हाताने दांडा मागे-पुढे करावा लागतो. बोल्ट पुढे येऊन बंद होतो, गोळी बॅरलच्या तोंडाशी स्थिर बसते आणि चाप ओढला की फक्त हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो. सीसीआय फँटमसारख्या नेलसन पद्धतीच्या (जुन्या नेलस्पॉटच्याच यंत्रणेवर बेतलेल्या) किंवा ऑटोकॉकरच्या घराण्यातल्या पंप बंदुका हलक्या, कमी आवाजाच्या आणि सुटसुटीत असतात. ऑटोकॉकरच्या आधी त्याच कंपनीची जी पंप बंदूक होती तिचं नावच ‘स्नायपर’ होतं. नावावरून भुलायचं नाही, पण पंपमध्ये चिकटणाऱ्या ओ-रिंगा कमी आणि हातोड्याचा ठोका दर वेळी तोच, म्हणून आमच्या दहा मिनिटांच्या कसोटीत नीट जुळवलेला पंप सहसा पुढे राहतो. वाईट बाजू दोन. दांडा ओढताना कोपर हलतो, आणि झाडीत हलणारी गोष्ट आधी दिसते. दुसरं म्हणजे घाईत दांडा अर्धाच ओढला तर गोळी भरत नाही, आणि भरली की नाही या शंकेने दोनदा ओढला तर दोन गोळ्या आत जातात. दोन गोळ्यांचा बार निघाला की दोन्ही जवळच पडतात. सवय एकच लावायची: गोळी सुटली की लगेच, आडोशाआड, एकदाच आणि पूर्ण.

बंद बोल्टमुळे नेम चांगला लागतो हे फार ऐकू येतं. चाप ओढल्यावर जड भाग पुढे धावत नाही, त्यामुळे गोळी बॅरलमध्ये असताना बंदूक कमी हलते, हे खरं. पण बंदूक पक्की आवळून बसवली की उघड्या आणि बंद बोल्टच्या घोळक्यांत, म्हणजे कागदावर गोळ्या किती जवळजवळ लागतात त्यात, हाताशी लागेल असा फरक आम्हाला दिसलेला नाही. गोळी गोल आहे का आणि बॅरलच्या मापाची आहे का, याने पडणारा फरक कितीतरी मोठा आहे.

टिपमन ९८ सारख्या ब्लोबॅक बंदुका चिखलात पडल्या तरी चालतात, दुरुस्तीला सोप्या. पण त्यात टाकीतून बाहेर पडणारा ८०० पीएसआयच्या (चौरस इंचाला पाउंड, हे दाबाचं माप) आसपासचा दाब थेट येतो, आवाज खणखणीत, झटका जाणवणारा आणि वेग दहा फुटांनी इकडे-तिकडे. शिकायला उत्तम, दबा धरायला मध्यम. गॅमा कोअर (प्लॅनेट एक्लिप्स कंपनीची बोल्टची यंत्रणा) असलेल्या यांत्रिक स्पूल बंदुका १३५ पीएसआयच्या आसपास चालतात, त्यामुळे आवाज ‘टाक’ ऐवजी ‘फुस्’ असा येतो. इलेक्ट्रॉनिक बंदुकांत वेग सर्वांत एकसारखा, काहींत तर पहिल्या गोळीची घट भरून काढायची सोयही बोर्डात असते: बराच वेळ न मारल्यास पहिल्या वेळी व्हॉल्व्ह काही मिलिसेकंद जास्त उघडा राहतो. सोय चांगली आहे, पण हा आकडा आपणच क्रोनोग्राफसमोर बसून ठरवायचा असतो. अंदाजाने वाढवला तर पहिली गोळी मर्यादेबाहेर जाते. बॅटरी संपली की बंदूक काठी होते, हेही आलंच.

मॅगझिनवाल्या बंदुका, जसं फर्स्ट स्ट्राइक टी१५, प्लॅनेट एक्लिप्स ईएमएफ१००, किंवा हॉपर (बंदुकीवर बसणारा गोळ्यांचा डबा) आणि मॅगझिन दोन्ही चालणारी डाय डॅम, या स्नायपरच्या कामाला दोन कारणांनी बसतात. हॉपर जातो, म्हणजे डोक्याच्या वर उठलेला फुग्यासारखा आकार आणि त्यात खडखडणाऱ्या गोळ्या, दोन्ही जातात. दुसरं कारण म्हणजे पंख असलेली फर्स्ट स्ट्राइक गोळी. तिचा पुढचा अर्धा भाग गोल, रंग त्यातच भरलेला, मागे पोकळ शेपटी आणि तिच्यावर तिरके पंख. हवेत ती स्वतःभोवती फिरते, सरळ जाते आणि वेगही साध्या गोळीपेक्षा जास्त टिकवून ठेवते. हॉपरमधून ती चालत नाही, कारण उलटीसुलटी पडेल. तोंड पुढे करूनच मॅगझिनमध्ये भरावी लागते. स्नायपर या शब्दाला खऱ्या अर्थाने जागणारी पेंटबॉलमधली हीच एक गोष्ट, असं आमचं मत. मात्र कवच कडक असतं, एका गोळीला साध्या गोळीच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि काही मैदानांवर तिला बंदी किंवा किमान अंतराची अट असते. बंदूक घेण्याआधी आपण जिथे खेळतो तिथला नियम विचारावा, नाहीतर मॅगझिनवाली बंदूक घेऊन त्यात साध्याच गोळ्या भरत बसावं लागतं.

गोळीला उलटी फिरकी देऊन पल्ला वाढवणाऱ्या बॅरली, म्हणजे टिपमनची वाकडी फ्लॅटलाइन आणि टोकाशी उतार असलेली एपेक्स, यांचा मोह सगळ्यांना होतो. फिरकीने गोळीला उचल मिळते आणि ती बराच वेळ सपाट जाते, हे डोळ्यांनी दिसतं. पण फिरकीने ऊर्जा वाढत नाही. लांब गेलेली गोळी तितकीच मंद पोचते आणि जाड कपड्यावर फुटत नाही. शिवाय गोळी जरा मोठी-लहान असली किंवा आत रंगाचा डाग राहिला की फिरकी बिघडते आणि गोळी आकाशात किंवा बाजूला वळते. एका गोळीच्या भरवशावर बसणाऱ्याने हा जुगार का खेळावा?

साध्या सरळ बॅरलची लांबी हा निवडीतला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत कमी महत्त्वाचा मुद्दा. गोळीला ढकलायचं काम साधारण पहिल्या आठ इंचांत उरकतं. पुढची लांबी भोकांतून हवा हळूहळू सोडून आवाज मऊ करते, एवढाच तिचा उपयोग. १२ ते १४ इंच पुरे. १६ च्या पुढे घर्षण वाढतं, तोच वेग गाठायला जास्त हवा लागते आणि टोक फांद्यांत अडकतं. टोक अडकलं की झुडूप हलतं.

महत्त्वाचं आहे ते आतलं माप. बॅरल ०.६७९ पासून ०.६९५ इंचापर्यंतच्या आतल्या व्यासांत मिळतात, आणि इन्सर्टच्या संचात एकाच बॅरलमध्ये वेगवेगळ्या मापांच्या नळ्या घालता येतात. आम्ही संच घेण्याच्या बाजूचे, कारण त्याच कंपनीची गोळी दमट दिवशी फुगते आणि कोरड्या दिवशी आकसते. माप पाहायची रीत अशी: बॅरल बंदुकीपासून सोडवायची, मागच्या बाजूने गोळी टाकायची. सरळ पुढून घरंगळून पडली तर माप मोठं. अडकून बसली आणि हलकी फुंकर मारल्यावर निघाली तर जुळलं. गाल फुगवून फुंकावं लागलं तर लहान. पाच-सहा गोळ्यांनी हे करायचं, एकीने नाही. दोन नळ्यांमध्ये मन अडलं तर स्नायपरने लहानाकडे झुकावं, कारण घट्ट बसलेल्या गोळीमागून हवा निसटत नाही आणि वेग एकसारखा येतो. फक्त पेंट फार ठिसूळ असेल तर ती आतच फुटायचा धोका असतो.

सैल मापाचा एक दोष फक्त दबा धरणाऱ्यालाच छळतो. उतारावर पालथं पडून बॅरल खालच्या वाटेकडे रोखलेली आहे, बोल्ट बंद आहे, गोळी आत आहे. बॅरल सैल आणि डिटेंट झिजलेला असेल तर ती गोळी आवाज न करता सावकाश घरंगळत पुढे येते आणि गवतात पडते. पंधरा मिनिटांनी सावज समोर येतं, चाप ओढला जातो आणि नुसती हवा सुटते. डिटेंट म्हणजे गोळीला मागे धरून ठेवणारी रबराची किंवा स्प्रिंगची छोटीशी गुंडी. बंदूक पाहताना करंगळीने ती दाबून बघावी, सोडताच टुणकन वर आली पाहिजे. मग गोळी भरून बॅरल जमिनीकडे करायची, कव्हर चढवायचं आणि कुंद्यावर तळहाताने दोन थापा द्यायच्या. कव्हरमध्ये गोळी सापडली तर आधी इन्सर्ट बदलायचा, नंतर डिटेंट.

पेंटबद्दल थोडक्यात, कारण बंदुकीची निवड पेंटशिवाय होतच नाही. काचेवर दहा गोळ्या सोडून बघाव्यात. सरळ लोळणाऱ्या घ्यायच्या, डगमगणाऱ्या बाजूला. शिवण बोटाला लागत असेल किंवा चपटा डाग दिसत असेल तर ती पिशवी सरावाला. खांद्याच्या उंचीवरून काँक्रीटवर टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आपटण्यात फुटणारी गोळी आपल्या कामाची. दहा वेळा उसळी मारणारी ३० मीटरवर माणसावरूनही तशीच उसळेल. फर्स्ट स्ट्राइक नसेल तर स्नायपरला खेळभर तीस-चाळीस गोळ्या पुरतात, त्यामुळे पेंट निवडून, हाताने वेचून घेणं त्यालाच परवडतं. गोळी आत फुटली तर ओढणीसारखा स्क्वीजी (बॅरल आतून पुसायचं साधन) एकदा आणि कोरडा बोळा एकदा, दोन्ही फिरवल्याशिवाय पुढची मारू नये. रंगाचा पुसट ओघळसुद्धा गोळीला एका बाजूने पकडतो, फिरकी देतो आणि ती हमखास वळते.

हवेच्या बाबतीत वाद उरलेला नाही. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानावर चालतो: २१ अंशांना ८५० पीएसआयच्या आसपास, शून्य अंशाला पाचशेच्याही खाली. सावलीत पडून राहिलेली टाकी आणि उन्हात तापलेली टाकी दोन वेगळ्या बंदुका बनवतात. त्यात आडवं पडून टाकी तिरकी झाली की द्रवरूप वायू आत घुसतो, पांढरा ढग उडतो आणि वेग उधळतो. उच्च दाबाची साधी हवा घ्यावी. ४८ घनइंच, ३००० पीएसआयची टाकी चारेकशे गोळ्या देते, म्हणजे पंपवाल्याला गरजेपेक्षा जास्तच; १३ घनइंचाची छोटी लावली की कुंद्यामागचं वजन निम्म्याहून कमी होतं. टाकीवरची तपासणीची तारीख वाचावी, मुदत उलटलेली टाकी भरून मिळत नाही आणि मिळू नये.

दुर्बिणीचा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला होता. चार पट मोठं दाखवणारी दुर्बीण ३० मीटरवर फक्त नजर अरुंद करते. गोळी कुठे गेली हे दिसत नाही, आणि बाजूने येणारा तर नाहीच. लाल ठिपक्याचं, मोठं करून न दाखवणारं साइट घ्यावं. पण त्याहून मोठी अडचण मास्कची. मास्क मैदानात कधीच काढायचा नसतो, आणि त्याच्या जबड्यामुळे गाल कुंद्याला टेकत नाही. नेहमीच्या उंचीवर बसवलेल्या साइटमधून डोळ्याला ठिपका दिसतच नाही. मग माणूस मान वाकडी करतो, मास्क कुंद्यावर दाबतो, भिंगाखाली फट पडते आणि धुकं धरतं. म्हणून बंदूक बघायला जाताना आपला स्वतःचा मास्क घालून जावं. बंदूक खांद्याला लावून डोळे मिटायचे, मग उघडायचे. ठिपका समोर असायला हवा. नसेल तर साइटखाली उंचवटा किंवा खाली झुकलेला कुंदा लागेल. पालथं पडूनही हेच करून पाहावं, कारण त्या स्थितीत मान वर उचलावी लागते आणि हॉपर असेल तर तो नेमका नजरेच्या आड येतो. हॉपरवालीच बंदूक घ्यायची ठरली तर फीड नेक (हॉपर बसवायची नळी) एका बाजूला कललेली बघावी, हॉपर छोटा घ्यावा आणि काठोकाठ भरावा. अर्धा भरलेला हॉपर खुळखुळा असतो.

दोन पायांचा स्टँड? ओंडक्यावर ठेवलेली पिशवी तेच काम करते, आणि उठून पळताना पायात येत नाही.

हे सगळं जुळून आलं की शेवटचा दिवस नेम बसवण्याचा. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवून २५ मीटरवर कागद लावायचा आणि दहा गोळ्या मारायच्या. चांगल्या पेंटने घोळका जेवणाच्या ताटाएवढा आला तर समाधान मानावं. परातीएवढा आला तर आधी पेंट बदलून, मग इन्सर्ट बदलून पाहायचं, बंदुकीवर शेवटी यायचं. साइट २५ मीटरला लावली आणि ती बॅरलच्या सात सेंटिमीटर वर असली तर २८० फुटांच्या गोळीचा हिशोब असा येतो: १५ मीटरवर ती ठिपक्याच्या १५ सेंटिमीटर वर लागते, २० वर ११ सेंटिमीटर वर, ३० वर २० सेंटिमीटरहून थोडी खाली, ३५ वर ५५ खाली, ४० वर एक मीटरहून जास्त खाली. म्हणजे ३५ ला छातीवर लावायची तर ठिपका मास्कच्याही वर धरायचा. आपल्या बंदुकीचे खरे आकडे मारून घ्यावेत आणि चिकटपट्टीवर लिहून कुंद्याच्या आतल्या बाजूला डकवावेत.

खेळाच्या दिवशी सकाळी क्रोनोग्राफ, आणि ऊन चढल्यावर पुन्हा एकदा. दबा लांबला तर दर पंधरा-वीस मिनिटांनी आतली गोळी बदलावी: बोल्ट मागे घेऊन ती बाहेर काढायची आणि नवी भरायची. बॅरलमधली दमट हवा आणि बोल्टचा दाब यांनी जिलेटिन मऊ पडतं, गोळीला एका बाजूने खळगा येतो. बाहेर आलेली गोळी उजेडात धरली की तो दिसतोच. ती खिशात परत टाकू नये.